दात उजळले आणि घराला सुतक लागलं

आमच्या गावचं माणूस जत्रेत हरवलं तर शोधायला सोपं. तोंड उघडायला सांगायचं. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि मधेमधे खडूसारखे ठिपके दिसले की समजायचं, आपलंच आहे, घेऊन चला. प्रकाशा तीर्थाचा पूल आमच्यापासून जवळ, गच्चीवर चढलं की तापी दिसते, पण पिण्याचं पाणी बोअरचं, फ्लोराईडने भरलेलं. ते लहानपणापासून पोटात गेलं की दात असे उगवतात, हे आता पहिलीतल्या पोरांनाही माहीत आहे. पाणी शुद्ध करायचं एक यंत्र मधे गावात आलं होतं. फीत कापली, नारळ फुटला, फोटो निघाले. आता त्या खोलीत कोणीतरी कडबा ठेवतं.

मी या गावात लग्न करून आले म्हणून पट्ट्यांतून वाचले. पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, आणि मास्तरणीला दिवसाला किती चहा लागतो ते दुसऱ्या मास्तरणीलाच विचारावं. माझे दात चहाच्या कपाच्या आतल्या बाजूसारखे झाले होते. नवऱ्याचे तर विचारूच नका. केळीच्या बागेत पाणी द्यायला जायचं तरी त्यांना आधी तंबाखू मळायला लागे. मोठी झुपकेदार मिशी होती म्हणून झाकलं जायचं, एवढंच.

पण माझी लेक याच गावात जन्मली. तिचे दात गावाचे. पाचवीत शहाद्याच्या शाळेत घातली तेव्हा पहिल्याच आठवड्यात बाकावरच्या मुलीने तिला विचारलं, "तुमच्याकडे ब्रश करत नाहीत का गं?" त्या दिवसापासून पोरगी हसली की हात तोंडावर. मोठी झाली, कॉलेज झालं, नोकरीला लागली, हात तिथेच. आमच्या घरात विनोद झाला की तिचे खांदे हलताना दिसायचे, डोळे बारीक झालेले दिसायचे, आणि खाली नुसता हात. माझी लेक हसताना कशी दिसते हे मी आई असून धड पाहिलं नव्हतं. याचं मला फार वाईट वाटायचं, पण बोलायचं कोणाला?

मग तिचं लग्न जमलं. मुलगा नाशिकला बँकेत, माणसं दोंडाईचाकडची, शेतीभातीची, सरळ. मुलाने दात पाहिले होते. "मला काही फरक पडत नाही," म्हणाला. चांगला मुलगा. पण लेक मला म्हणाली, "त्याला पडत नाही आई, मला पडतो. लग्नाच्या दिवशी मला हात खाली ठेवून हसायचंय. एवढंच."

एवढंच! ज्या पोरीने कधी चप्पल मागितली नाही तिने एवढं मागितलं, तर मी नाही कशाला म्हणू? मी म्हटलं, चल.

आमच्या घरात सगळे अहिराणीच बोलतात, ते मी इथे बरंचसं शाळेच्या मराठीत लिहिते आहे. मास्तरणीची खोड आहे, सुटत नाही.

आम्ही दोघी जाणार होतो, पण नवरा म्हणाले, गाडी मी चालवतो. तिथेच घात झाला. शहाद्याचा तो दवाखाना म्हणजे दवाखाना वाटतच नव्हता. सोफा, झाडाच्या कुंड्या, भिंतीवर टीव्ही, आणि टीव्हीवर एक गोरी बाई सारखी हसत होती. तिला कसलं एवढं हसू येत होतं कोण जाणे. डॉक्टर तरुण, गोड बोलणारा. त्याने दातांच्या रंगांची एक पट्टी काढली, साडीच्या दुकानात रंगांचे तुकडे लावलेले असतात तशी, फक्त तुकड्यांऐवजी दात. एकेक दात लेकीच्या ओठाशी धरून तो रंग जुळवायला लागला. माझ्या दातांना जुळणारा दात पट्टीच्या पार टोकाला निघाला. नवऱ्यांच्या वेळी पट्टी संपली.

"आमचा रंग यामधी नही का?" त्यांनी विचारलं. त्यांना जरा अभिमानच वाटला असावा.

मग डॉक्टरने सगळे उपाय समजावून सांगितले. पहिली सफाई, म्हणजे दातांवर साचलेले चहा-तंबाखूचे थर यंत्राने खरवडायचे. दुसरं ब्लीचिंग, म्हणजे औषध लावून दाताचा रंगच उजळायचा. तिसरं व्हिनिअर, म्हणजे दात पुढून थोडा घासायचा आणि त्यावर पातळ पांढरी चकती चिकटवायची. आणि शेवटी कॅप, दात चारी बाजूंनी तासून वर टोपी बसवायची.

नवऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे झाडलोट, चुना, टाइल्स, आणि पाडून नवं बांधकाम."

डॉक्टर खो खो हसला. हसला तेव्हा मी पाहिलं, त्याचे स्वतःचे दात चांगले पिवळसर होते. मी काय गप्प बसणार? विचारलंच. तर म्हणतो, "मला वेळ कुठे मिळतो काकू!"

माणूस मात्र खरं बोलणारा होता. लेकीला त्याने स्पष्ट सांगितलं, "तुमचे डाग वरून लागलेले नाहीत, दात घडतानाच आतून आलेत. वरचा थर हलका घासून ब्लीचिंग केलं तर फिके होतील, बरेच फिके होतील. पण पूर्ण जाणार नाहीत. पूर्ण झाकायचे तर व्हिनिअर. पण त्यासाठी एकदा दात घासला की घासला, तो परत येत नाही." लेकीने विचार केला आणि म्हणाली, "दात माझेच राहू दे. फिके करा." मला तिचा अभिमान वाटला.

"लग्नाच्या महिनाभर आधी करून टाका," डॉक्टर म्हणाला, "म्हणजे ठणका वगैरे सगळं शांत होईल."

"छे छे!" नवरा म्हणाले. "आतेच करीसन काय उपयोग? लग्न येवालगून मळी जाई."

दिवाळीचा चुना कोणी गणपतीत लावतं का, असं त्यांचं म्हणणं. घर रंगवायचं ते सणाच्या तोंडावर, नाहीतर पाहुणे येईपर्यंत भिंतीवर हात उमटतात. चाळीस वर्षं भिंती रंगवलेल्या माणसाला दातांतलं काय सांगणार? डॉक्टरने समजावलं, मी डोळे वटारले, पण ऐकतील तर ते नवरे कसले. शेवटी हळदीच्या आधीचा आठवडा ठरला.

निघताना काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की लग्नसराईत फॅमिली पॅकेज आहे, तिघांनी केलं तर फायदा. झालं! आमचे हे म्हणजे साबणावर साबण फुकट मिळत असेल तर आंघोळ दोनदा करतील असा माणूस. "तिन्ही जण करू," म्हणाले. मी म्हटलं, अहो, मला कशाला? माझं लग्न होऊन गेलं. तर म्हणे, फोटोत नवरीच्या शेजारी कोण उभं राहणार? हसतील त्यांचे दात दिसतील, तसे आपलेही दिसतील.

लेकीने आम्हा दोघांना एकच अट घातली. गावात कोणाला सांगायचं नाही. "पैसे देऊन दात रंगवून आली" असं तिला मांडवात ऐकायचं नव्हतं. आम्ही शपथा घेतल्या. तो शब्द पाळला, आणि तोच आमच्या मुळावर आला.

सोमवारी आम्ही तिघं ओठ वर धरणारी प्लास्टिकची चौकट तोंडात घालून ओळीने त्या खुर्चीवर बसून आलो. निळा दिवा, औषधाची चव, आणि मग दातांतून अशी कळ की नको नको. पण आरशात पाहिलं आणि खोटं कशाला बोलू, मी हरखले. लेकीचे पट्टे खरंच पुसट झाले होते. दवाखान्याच्या जिन्यात त्या चौकटीने विस्कटलेली बापाची मिशी बघून ती हसली, आणि हात अर्ध्यावर येऊन थांबला. हनुवटीपर्यंत आला, तिथे जरा रेंगाळला आणि खाली गेला.

डॉक्टरने जाताना पथ्य सांगितलं. काही दिवस रंगाचं काही खायचं नाही. चहा नाही, हळद नाही, तिखट नाही, रस्सा नाही. लक्षात ठेवायला सोपं म्हणून म्हणाला, "पांढऱ्या शर्टावर सांडलं तर ज्याचा डाग पडेल, ते तोंडात घालायचं नाही."

आता तुम्हीच सांगा, नंदुरबार जिल्ह्यात असं काय शिजतं ज्याचा पांढऱ्या शर्टावर डाग पडत नाही? लाल मिरचीचे ढीग वाळत पडलेले असतात आमच्याकडे. शेवेच्या भाजीवर तेलाचा तवंग आला नाही तर बाईला स्वयंपाक येत नाही म्हणतात. खिचडी पिवळी, कढी पिवळी. लेकीने विचारलं, "आणि लग्नात हळद लावतील त्याचं काय?" डॉक्टर म्हणाला, "तेव्हा तोंड बंद ठेवा."

घरी आलो आणि पांढरा संसार सुरू झाला. दहीभात. दूधभात. फोडणीशिवाय मुगाचं पाणी. सकाळी ज्वारीची पेज. चहाशिवाय माझं डोकं असं चढलं की शाळेत मी फळ्यालाही रागावले असते. नवऱ्यांची तंबाखू बंद. ते ओट्यावर गालाला हात लावून बसायचे. एक तर तलफ, त्यात वाऱ्याची झुळूक आली तरी दात ठणकायचे. कोणी रामराम केला तर तोंड न उघडता मान हलवायचे.

त्यात त्यांनी मिशी काढली.

मला न विचारता, बरं का. सलूनमध्ये जाऊन सफाचट करून आले. का? तर मिशीमुळे नवे दात दिसत नव्हते! एवढं पॅकेज घ्यायचं आणि ते झाकून ठेवायचं, हा व्यवहार त्यांना पटेना. मी दारातच कपाळावर हात मारला. ज्या माणसाच्या मिशीला मी एवढ्या वर्षांत कात्री लागलेली पाहिली नव्हती तो सोललेल्या बटाट्यासारखा उभा. आणि तसेच उठून ते लग्नाची पहिली पत्रिका महादेवाला ठेवायला प्रकाशाला गेले. तिथे घाटावर पाय धुताना आमच्या गावच्या दोघांनी त्यांना पाहिलं.

आता बाहेरच्या माणसाच्या नजरेने बघा. घरात हळद-फोडणी बंद. घरधनी मिशी उतरवलेला, तोंड पाडून ओट्यावर बसलेला, प्रकाशाच्या घाटावर दिसलेला. घरातली पोरगी सोमवारपासून दाराबाहेर नाही. कोणी काही विचारलं तर सगळे ओठ मिटून गप्प. आमच्याकडे घरात मयत झालं की अळणी शिजतं, हळद लागत नाही, पुरुष मिशी उतरवतात, आणि उत्तरकार्याला प्रकाशालाच जातात. हे कोणाला शिकवावं लागत नाही.

शेजारी आमची चुलत जाऊ राहते. तिचं नाक असं की मी मोहरी टाकायच्या आधी तिला वास येतो. तिसऱ्या दिवशी ती कुंपणापाशी आली. "काय वं बहीण, तुमना घरमाईन फोडणीना वास नही उना?"

"पोट बरं नाही," मी ओठांतल्या ओठांत म्हटलं.

"समदासना?"

"सगळ्यांचं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या गळ्यात पडून रडावं. मी रडले नाही. ती गेली, आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की आमचे सुरतचे चुलत सासरे गेले. ते खरंच आजारी असायचे, तिकडे मुलांजवळ राहायचे, म्हणून मरायला गावाला तेच सोयीचे पडले. आम्ही लग्न मोडू नये म्हणून मयत लपवलं, गुपचूप सुतक पाळतो आहोत, असं ठरून गेलं. आम्हाला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात गाडी थांबली. लेकीची होणारी सासू आणि मुलाचे चुलत आजोबा उतरले. आजोबा त्यांच्या घरातले थोर, पांढरं धोतर, हातात काठी, त्यांच्या शब्दाबाहेर तिकडे कोणी नाही. मी पाणी पुढे केलं. दोघांनी घेतलं नाही. सोयरे घरात येऊन पाणी नाकारतात म्हणजे सोयरीक अडली, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. मला वाटलं, दातांचं कळलं!

आजोबा सावकाश म्हणाले, "लपाडं काबरं? आम्ही काय परका शेतस का?"

नवऱ्यांना वाटलं, त्यांनाही दातांचंच कळलं. "लपवायचं नव्हतं हो," ते म्हणाले, "पोरीला जरा अवघड वाटत होतं."

"अवघड कसलं? कोणाला चुकलंय हे? कधी झालं?"

"सोमवारी. शहाद्याला."

"शहाद्याला कसं? ते तर सुरतला होते ना!"

तेव्हा मला कळलं, घोडं कुठे अडलंय ते. आणि कळलं तशी मी भडकले. "अहो, कोण गेलं? कोणी सांगितलं तुम्हाला? आमचे सुरतचे काका ठणठणीत आहेत!" मागच्या कुंपणाकडे बघत मी आवाज आणखी चढवला. "ज्यांना आमच्या चुलीत एवढा रस आहे त्यांनी समोर येऊन विचारावं!" कुंपणामागे काहीतरी खसखसलं आणि शांत झालं.

विहीणबाई बिचाऱ्या गोंधळल्या. मी त्यांना दातांचं सगळं सांगून टाकलं. आजोबांनी ऐकलं आणि काठी आपटली. "दात पांढरे करायला माणूस मिशी काढतो? मला काय दुधखुळा समजता?"

आणि खरं सांगते, ऐकताना मलाही ते खोटंच वाटलं. मयताची गोष्ट खरी वाटावी आणि आमची खरी गोष्ट थाप वाटावी, अशी वेळ आली. नवऱ्यांनी पुरावा म्हणून दात दाखवले. आजोबांनी तोंड फिरवलं.

मग सुरतला व्हिडिओ कॉल लावला. काका खाटेवर बसलेले, कानटोपी घातलेले. काय झालंय ते कळल्यावर ते असे संतापले की मोबाईल थरथरला. "मी मरेल नही शे अजून!" ते ओरडले. "कोण म्हणस, त्याले आन मन्हासमोर!"

मला वाटलं, सुटलो. पण आजोबांनी मोबाईल लांब धरून बघितला, परत दिला, आणि शांतपणे म्हणाले, "आजकाल मेलेल्यालाही मोबाईलमध्ये बोलतं करतात. आमच्या ग्रुपवर रोज येतं." घ्या! साक्षात काकांनी जिवंत असल्याचं सांगितलं तरी उपयोग नाही. शिकल्यासवरल्या माणसांनी असले व्हिडिओ फॉरवर्ड केले, त्याची फळं आमच्या दारात.

"एकच करा," आजोबा म्हणाले. "हळद-तिखटाचा रस्सा टाका. मन्हा डोयासमोर बसा आणि जेवा. सुतक असलेल्या घरचं माणूस तो घास तोंडात घालणार नाही. जेवलात तर मी आत्ता पाणी पितो आणि लग्न ठरल्याप्रमाणे. नाहीतर वर्ष सरल्यावर बघू."

वर्ष सरल्यावर! मांडवाचे बांबू येऊन पडले होते. मी म्हटलं, "चालेल. मी आणि हे बसतो." माझे दात काळे होऊ देत की निळे, माझं काय अडत होतं?

"नवरीपण," आजोबा म्हणाले.

तिथे माझी दातखीळ बसली. पथ्याचे अजून दिवस बाकी होते. पोरीने चार दिवस कण्हत, पेज पीत ते दात जपले होते, रोज आरशात बघून येत होती. तिचं लग्नातलं एकच मागणं होतं आणि ते या म्हाताऱ्याच्या ताटात वाढायचं? "आजोबा, तिला सोडा," मी हात जोडले. "मी पाहिजे तर मिरचीच चावून दाखवते." एवढी मी आयुष्यात कोणाच्या दारात वाकले नव्हते. आजोबांनी नाही म्हणून मान हलवली.

लेक दाराआड उभी होती. बाहेर आली, पाट ओढला आणि बसली. "वाढ आई," म्हणाली.

मी रस्सा केला. रागाने केला म्हणून असा जहाल झाला की तेल पातेल्यातून वर आलं. शेव टाकली. हळदीचा हात सैल सोडला, लाल तिखटाचाही. विहीणबाई माझ्या मागे भाकऱ्या थापत होत्या. मधेच त्या हळूच म्हणाल्या, "मामंजी हट्टी आहेत हो. मला माहीत असतं तर मी आणलंच नसतं त्यांना." माझं लक्ष रश्श्याच्या रंगाकडे होतं. इतका लाल रस्सा मला कधी इतका वाईट दिसला नव्हता.

पंगत बसली. गरम रस्सा ब्लीचिंग केलेल्या दाताला लागतो तेव्हा काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. माझ्या कपाळापर्यंत कळ गेली. नवऱ्यांनी डोळे मिटून घेतले. लेकीने मोठा घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"रडते का पोरगी?" आजोबांनी लगेच काठी उचलली. "कोणासाठी रडते?"

"ठणकतंय आजोबा," ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. आजोबा बघत राहिले. तिने पूर्ण वाटी संपवली, वर भाकरीने पुसून घेतली, आणि त्यांच्याकडे रिकामी वाटी धरली.

आजोबांनी तांब्या उचलला आणि गटागट पाणी प्यायलं. मग स्वतः रस्सा मागितला. दोनदा मागितला. जाताना म्हणाले, "हात चांगला आहे बाईचा." मला त्यांना काठीनेच हाणावंसं वाटत होतं, पण मी वाकून नमस्कार केला. सोयरे आहेत, काय करणार!

गाडी गेली आणि मी मागच्या पडवीत धावले. लेक बेसिनपाशी उभी होती, तोंडात पाणी घेऊन खळाखळा चुळा भरत होती. ओठ लाल झालेले, डोळे सुजलेले. माझ्याकडे वळली आणि तोंड उघडलं. "बघ ना आई. गेले का गं?"

मी पाहिलं. हळद दातांच्या कडांना बसली होती. पट्टे परत वर आले होते, आधीइतके नाहीत, पण होते. चांगले ठळक दिसत होते.

"कुठे काय!" मी म्हटलं. "पांढरे शुभ्र आहेत. उगीच घाबरते."

"खरंच?"

"मी कशाला खोटं बोलू? चुन्यासारखे आहेत. माझे बघ, माझे गेले."

ती हसली. माझ्या समोर, हात खाली ठेवून. मी पटकन भांडी घासायला बसले, तोंड फिरवायला दुसरं काही सुचलं नाही.

लग्नाच्या दिवशी पोरगी जी हसली, ती हसली. हळद लावताना हसली, तोंड बंद ठेवायचं विसरली. मामाने कडेवर घेऊन बोहल्यावर नेलं तेव्हा हसली. वरणबट्टीच्या पंगतीत सुरतचे काका खुर्चीवर बसून सगळ्यांना "मी जित्ता शे" सांगत होते, तेव्हा तर पोट धरून हसली. शेजारची जाऊ मला म्हणाली, "पोरीचे दात किती छान दिसतात गं आज." मी तिला त्या दिवशी माफ केलं. दातांवर पट्टे होते. मला दिसत होते. पण तिच्या दातांकडे कोण बघत होतं? सगळे तिच्या हसण्याकडे बघत होते. मी मनात म्हटलं, माझी एक थाप डॉक्टरच्या निळ्या दिव्यापेक्षा भारी पडली. मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

फोटोवाल्याने अल्बम पाठवला तेव्हा त्यात आम्हा सगळ्यांचे दात पांढरेफटक. नवऱ्यांचे, आजोबांचे, काकांचे, काकांचे तर पडलेलेही दोन आलेले. कॉम्प्युटरवर करून दिले म्हणे, अल्बमसोबत फुकट. नवऱ्यांना ते पॅकेज आठवून दोन दिवस जेवण गेलं नाही. मिशी अजून पुरती आलेली नाही.

अल्बम मिळाला तसा लेकीचा नाशिकहून फोन आला. मी शाळेत होते, मधली सुट्टी चालली होती, व्हरांड्यात उभी राहून बोलत होते. फोटोतल्या दातांवरून आम्ही दोघी खिदळत होतो. मग मला राहवलं नाही. म्हटलं, आता सांगून टाकावं. "ऐक गं, त्या दिवशी रस्सा खाल्ल्यावर तू विचारलंस ना, मी तुला खोटं सांगितलं. पट्टे परत दिसत होते."

"माहीत आहे," ती म्हणाली. "बेसिनवर आरसा आहे की आपल्या. तुला विचारायच्या आधीच बघितलं होतं मी."

"मग हसलीस कशी गं एवढी?"

"तू इतक्या जोरात खोटं बोललीस ना आई, मला वाटलं, हिला माझं हसणं किती पाहिजे आहे! मग हात वर न्यायची लाज वाटायला लागली."

ती पुढे काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मी व्हरांड्यातच पदर डोळ्यांना लावला. पोरं डबे सोडून भोवती जमली, सगळी त्याच बोअरच्या पाण्याची, आणि विचारायला लागली, बाई रडता का, काय झालं बाई?

"काही नाही रे," मी म्हटलं, "दात दुखतोय."